गोळी चालू राहू दे, मग श्वासाचं बघू

जूनच्या योग दिनानंतर माझ्या टपालाचा गठ्ठा दरवर्षी जाडजूड होतो. २०१५ सालापासून २१ जूनला मैदानं चटयांनी भरतात, चार दिवस सगळ्यांची पाठ ताठ असते, आणि मग पत्रं यायला लागतात. यंदाच्या पत्रांत बीपी आहे, शुगर आहे, धाप आहे, काचबिंदू आहे. पण बऱ्याच पत्रांच्या शेवटी ओळ तीच: ‘आता गोळी बंद करू का?’

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझी उभी नोकरी मिरजेत वॉर्डातली सिस्टर म्हणून झाली आणि योगाकडे मी नंतर वळले, लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकून. १९२४ साली ती संस्था काढणारे स्वामी कुवलयानंद मोजमाप करणारे गृहस्थ होते. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, ते त्यांनी क्ष-किरणांखाली आणि दाब मोजून पाहिलं होतं. मीही आधी रिपोर्ट मागते, मग आसन सांगते. काहींना ते आवडत नाही. असो.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त, वय ६३. बीपी १५२/९४ निघालं म्हणून गोळी सुरू झाली. रोज पहाटे अर्धा तास अनुलोम-विलोम करतो आणि लगेच यंत्रावर मोजतो. गेले दोन महिने १२८/८२ च्या आसपास येतं. वहीच्या पानांच्या झेरॉक्स सोबत पाठवल्या आहेत. गोळी थांबवली तर चालेल का? — एक वाचक, कराड

वही काय सुरेख ठेवलीत हो! तांबड्या शाईने सरासरीसुद्धा काढलीय. बँकेतली सवय जात नाही म्हणतात ते खरं. पण साहेब, तुम्ही मोजताय ते प्राणायाम संपल्या संपल्या. त्या वेळी कुणाचंही बीपी खालीच असणार. दिवसातल्या सर्वांत शांत घटकेचा आकडा तुम्ही वहीत लिहिलात. दुपारी चारचा नाही, मुलाशी फोनवर वाद झाल्यानंतरचा नाही. आणि मुख्य म्हणजे हा आकडा गोळी चालू असतानाचा आहे. यात श्वासाचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे या वहीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

आता असं करा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी आणि प्राणायामाच्याही आधी, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. दंड हृदयाच्या पातळीला येईल असा हात टेबलावर ठेवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळीही तसंच. आठवडाभर लिहिलेली ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी कमी करायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. मनाने एकदम सोडू नका, कारण बीपीच्या काही गोळ्या अशा तोडल्या की बीपी उसळी मारतं. ती उसळी घेऊन स्ट्रेचरवरून आलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. नातेवाईक म्हणायचे, ‘पण सिस्टर, काल तर ठणठणीत होते.’

याचा अर्थ अनुलोम-विलोम वाया गेलं असा नाही. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले की मानेतल्या धमनीत आणि महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणारी जी यंत्रणा आहे, ती जास्त तत्पर होते. दाब वाढला की नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात, हे काम ती नीट करायला लागते. नियमाने करणाऱ्याचं बीपी त्यामुळे काही अंकांनी खाली राहू शकतं. काही अंकांनी म्हणतेय, चाळीस अंकांनी नाही.

तुमच्या पद्धतीत दोन बदल सुचवते. तुम्ही लिहिलंय, ‘आत घेऊन सोळा मोजेपर्यंत रोखतो.’ ते रोखणं बंद करा. बीपीच्या माणसाला कुंभक नको. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, मध्ये कुठेही अडवायचा नाही. मिनिटाला सहा श्वास आपोआप होतात. दुसरं, नाकपुडी जोराने दाबू नका, बोट नुसतं टेकवायचं. सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी नाकपुड्यांचा खेळ सोडून द्या आणि दोन्हींनी सावकाश श्वास घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीत बसून करा, पुण्य कमी होत नाही.

आणि लोणचं? त्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. दिवसभराचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा असावं. पापड, लोणचं, फरसाण आणि पानात वाढून घेतलेलं मीठ त्यातच धरायचं. पहाटे अर्धा तास श्वास आणि दुपारी खारातल्या मिरच्या, हा हिशोब बँकेतल्या माणसाला मी काय समजावणार.

प्रश्न : माझी शेजारीण ख्रिस्ती आहे, पासष्टीची. तिलाही बीपी आहे. मी तिला माझ्याबरोबर ओंकार म्हणायला बोलावलं तर ती संकोचली. तिला ओंकाराशिवाय काही करता येईल का? — एक वाचक, फोंडा, गोवा

तिला तिचा तेर्स, म्हणजे रोझरीची जपमाळ, म्हणू द्या की! इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली हेच तपासलं होतं. लॅटिनमधली रोझरी आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास, नाडी आणि बीपी मोजलं. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि मघाशी कराडच्या वाचकांना सांगितलेली ती दाबाची यंत्रणा दोन्हींमुळे सुधारली. देवाचं नाव कुठलं हे रक्तवाहिन्यांनी विचारलं नाही.

गंमत आहे ती म्हणण्याच्या रीतीत. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. म्हणजे म्हणताना लांब उच्छ्वास होतो आणि दुसऱ्याची पाळी असते तेव्हा श्वास आत येतो. तो प्रयोग लॅटिनमधला होता. तुमच्याकडे तीच प्रार्थना ‘नमान मोरिये’ म्हणून कोंकणीत म्हणतात आणि संध्याकाळी जेवण खोळंबलेलं असेल तर भरभर म्हणतात, हेही मी मडगावच्या नात्यातल्या लग्नघरी ऐकलंय. तेव्हा शेजारणीला एवढंच सांगा की पन्नास मणी घाईने ओढू नकोस, दहाच म्हण पण सावकाश, एका उच्छ्वासात अर्धी प्रार्थना. तुम्ही तुमचा ओंकार म्हणा. एकाच बाल्कनीत बसलात तरी हरकत नाही. गोळ्या मात्र दोघींनीही घ्यायच्या.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका, वय ५४. नऊ वर्षं शुगर आहे. सकाळी आणि रात्री जेवणाआधी गोळी घेते, त्यात ग्लिमेपिराइड आहे. टीव्हीवर बघून पहाटे पाचला उपाशीपोटी हजार वेळा कपालभाती करते. हल्ली मध्येच घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्या गटातल्या ताई म्हणतात, शरीरातली घाण निघते आहे, थांबू नकोस. मागच्या वर्षी डोळ्याच्या पडद्यावर लेझर केलं आहे. — एक वाचक, औसा, जि. लातूर

ताई, उद्यापासून कपालभाती बंद. पत्र वाचून झाल्यावर नाही, आत्ता हे वाक्य वाचताच.

घाम, थरथर, अंधारी ही घाण निघण्याची लक्षणं नाहीत, ती रक्तातली साखर खाली गेल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. रात्री आठला जेवलात, पहाटे पाचला पोट रिकामं, त्यात अर्धा तास पोट आपटत बसायचं. साखर ७० च्या खाली गेली की हेच होतं. ग्लुकोमीटर अंगणवाडीच्या कुणा ‘आशा’ताईंकडे असेल किंवा उपकेंद्रात असेल. तसं वाटेल त्या क्षणी मोजा. मोजायला काही नसेल तर मोजायची वाट बघू नका. तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटं बसा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्या आणि मग काहीतरी खा. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि ‘पहाटे साखर पडते’ हे शब्द वापरून सांगा. गोळीचं प्रमाण किंवा वेळ त्यांना बदलावी लागेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पडद्यावर लेझर झालंय म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या नाजूक आहेत. अशा डोळ्याला पोटाचे झटके नकोत, श्वास रोखून जोर लावणं नको आणि डोकं खाली जाईल असं काहीही नको. सर्वांगासन नाही, हलासन नाही, सूर्यनमस्कारातलं ते पर्वतासनही नाही. आमच्या सातारा जिल्ह्याच्या औंधचे पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले, आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण तुमच्या डोळ्यांसाठी मी त्यांचंही ऐकणार नाही.

आणि हजार! हा आकडा आला कुठून? कपालभाती हा मुळात प्राणायामच नाही. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात ते धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत, षट्कर्मांमध्ये म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांमध्ये आहे. ज्याला मेद आणि कफ फार त्याने ही कर्मं आधी करावीत, इतरांनी करू नयेत, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. आपण ते उचललं आणि शुगर, थायरॉईड, गर्भाशयाची गाठ, सगळ्यांवर लावत सुटलो. धडधाकट माणसाने तीस-चाळीस झटके मारले तर बिघडत नाही. पण बीपी, हृदयविकार, हर्निया, फिट येणारे आणि गरोदर बायका, यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. छातीत हवा फुटून फुफ्फुस आक्रसल्याची घटनासुद्धा २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेलीय. विरळा प्रकार, पण घडलेला.

मग तुम्ही काय करायचं? शुगरला खरी मदत मोठ्या स्नायूंची होते. मांड्या आणि पार्श्वभाग काम करू लागले की ते रक्तातली साखर स्वतःकडे ओढतात, आणि त्यासाठी इन्सुलिनवर तेवढं अवलंबून राहत नाहीत. अंगणवाडीत खुर्ची आहे ना? खुर्चीच्या कडेवर बसा, पाय नितंबाइतक्या अंतरावर. श्वास सोडत उठा, श्वास घेत सावकाश बसा, धपकन नाही. आठ-दहा वेळा करा, थांबा, पुन्हा करा. बोलता येईल इतकीच दमछाक हवी. ताडासन, वीरभद्रासन भिंतीला हात लावून. शुगरच्या माणसाच्या तळपायाची जाणीव कमी होत जाते आणि तोल जातो, म्हणून भिंत. त्याच कारणाने अनवाणी गच्चीवर करू नका आणि रात्री झोपताना तळपाय बघा. स्वतःला वाकून दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरात कुणाला तरी दाखवा.

आणि शतपावली. आपल्या आज्यांनी सांगितलेली ही गोष्ट न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१६ साली मधुमेहींवर करून बघितली. दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर कमी चढली, आणि रात्रीच्या जेवणानंतर फरक सगळ्यात मोठा दिसला. जेवून लगेच मालिका लावायची असेल तर लावा, पण उभ्याने बघा, जागच्या जागी पाय हलवत. नाहीतर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.

श्वासाचं म्हणाल, तर झोपण्याआधी दहा मिनिटं नुसता सावकाश श्वास, कराडच्या उत्तरात दिलाय तोच. झोप सुधारली की शुगरही ऐकते. तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. तो तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्याला एका दिवसाच्या उपासाने फसवता येत नाही. तो आकडा घेऊन मला पुन्हा लिहा. आणि गटातल्या त्या ताईंना माझं पत्र वाचून दाखवा.

प्रश्न : आई गावी अकोले तालुक्यात असते, वय साठ. सगळा जन्म चुलीवर स्वयंपाक केला. दोन-तीन वर्षांपासून खोकला आणि चढ चढताना धाप. मी चाकणला कंपनीत आहे. भस्त्रिकेने फुप्फुसं साफ होतात असा व्हिडिओ मोबाइलवर बघून तिला शिकवला. तिने दोन दिवस केलं आणि ‘माझा जीव जातो’ म्हणून सोडून दिलं. तिला समजावून सांगा. — एक वाचक, चाकण

समजावायचं तुम्हाला आहे, दादा. आईचं बरोबर आहे.

चुलीच्या धुराने ज्यांच्या श्वासनळ्या वर्षानुवर्षं सुजलेल्या असतात, त्यांना हवा आत घ्यायला फारसा त्रास नसतो. आतली हवा बाहेर पडत नाही, हा त्रास असतो. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा अडकून राहते. आधीच भरलेल्या छातीत भस्त्रिकेने भराभरा आणखी हवा कोंबली, तर जीव जाणारच. विडी न ओढणाऱ्या कितीतरी बायकांना चुलीमुळे हा आजार होतो आणि ‘वयामुळे दम लागतो’ म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही.

आधी तपासणी. छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन स्पायरोमेट्री करून घ्या, म्हणजे नळीत जोराने फुंकायची चाचणी. एक्स-रे आणि थुंकी तपासायला लावा, कारण लांबलेल्या खोकल्यात क्षय नाही ना हे बघावंच लागतं. पंप दिला तर ‘पंपाची सवय लागते’ असं गावात कुणीतरी सांगेल. लागत नाही. पंप स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या नळकांड्यातून, घ्यायला शिकवा आणि नंतर चूळ भरायला सांगा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारा.

आता श्वास. हा व्हिडिओ नको, पुढच्या सुटीत तुम्ही स्वतः तिच्या समोर बसून करा. नाकाने दोन मोजत श्वास घ्यायचा, छाती फुगवून नाही, साधा. मग ओठ मिटत आणून बशीतल्या चहावर घालतो तशी मंद फुंकर, चार मोजेपर्यंत. गाल फुगवायचे नाहीत, जोर लावायचा नाही. ओठांमुळे थोडा अडथळा होतो, आतल्या नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघायला वेळ मिळतो. एवढंच. याला आसन, वेळ, रिकामं पोट काही लागत नाही.

हे दिवसाच्या कामात घालायला शिकवा. जोर लागतो त्या क्षणी फुंकर. हंडा उचलताना श्वास आत ओढून धरायची सवय असते, तिथे उलट करायचं: आधी श्वास घ्या, मग फुंकर घालत उचला. चढावर दोन पावलं श्वास, चार पावलं फुंकर. धाप लागलीच तर उंबऱ्यावर किंवा पायरीवर बसून थोडं पुढे झुकायचं, कोपरं मांड्यांवर टेकवायची, खांदे सैल सोडायचे आणि फुंकर चालू ठेवायची. आडवं व्हायचं नाही. माझ्या वॉर्डात ऑक्सिजनची नळी येईपर्यंत आम्ही माणसाला असंच बसवत असू.

एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, तर फुंकर घालत बसू नका, गाडी बोलवा. पायांवर सूज दिसली तरी पुढच्या तारखेची वाट बघू नका.

घरी गॅस आहे असं धरून चालते. तरीही भाकरी चुलीवरच होते, पाणी चुलीवरच तापतं, हे मला सांगू नका, माहीत आहे. निदान अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात हलवा आणि जाळ घालायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही सुटीला घरी असता तेव्हा तुमच्याकडे.

प्रश्न : शीर्षासन बावीस वर्षं करतोय. आता काचबिंदू निघाला. रोजचे थेंब घालतो. शीर्षासन चालू ठेवू का? — एक वाचक, ठाणे

नाही. शीर्षासनात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट होतो, हे चेन्नईला योग करणाऱ्यांवरच मोजून झालंय. काचबिंदूत मज्जातंतू त्या दाबानेच मरतो आणि मेलेला परत येत नाही. अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन, विपरीत करणी, यांतही दाब चढतो, फक्त कमी. बावीस वर्षांची सवय सुटताना चुकल्यासारखं होणार, तेव्हा ती वेळ रिकामी ठेवू नका. त्याच वेळी बसून भ्रामरी करा किंवा डोक्याखाली उशी घेऊन शवासन.

आणि पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिता का? काचबिंदू तपासताना डॉक्टर कधीकधी लिटरभर पाणी पाच मिनिटांत प्यायला लावून डोळ्याचा दाब किती चढतो ते पाहतात. घरी रोज ती चाचणी देऊ नका. घोट घोट प्या.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक, एक स्टेंट. डॉक्टर म्हणतात चाला. मित्र म्हणतो योगाने ब्लॉकेज निघून जातात, दुसऱ्या स्टेंटची गरज पडणार नाही. कोणाचं ऐकू? — एक वाचक, नाशिक

डॉक्टरांचं. आणि मित्राला चालायला बरोबर न्या.

तुमच्या प्रश्नावर आपल्याच देशात मोठं काम झालंय. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या जवळपास चार हजार रुग्णांना २४ रुग्णालयांत दोन गटांत वाटलं. एका गटाला नेहमीचे उपचार आणि सल्ला, दुसऱ्याला त्याच्या जोडीला शिकवलेला योग: सोपी आसनं, श्वास, ध्यान. २०२० साली निष्कर्ष छापून आले. मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, तातडीने भरती व्हावं लागणं, यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक सिद्ध झाला नाही. मात्र योगाच्या गटातल्या लोकांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि अटॅकच्या आधीची कामं ते जास्त प्रमाणात पुन्हा करू लागले.

काही योगवाल्यांना हा निकाल पचला नाही. मला तो फार आवडतो. अटॅकनंतर माणूस घाबरतो हो. जिना चढायला घाबरतो, बायकोशी जवळीक करायला घाबरतो, एकटं संडासात जायला घाबरतो, आतून कडी लावत नाही. त्या माणसाला पुन्हा कामाला लागता आलं तर त्याहून मोठं काय हवं? ब्लॉकेज विरघळण्याची गोष्ट मित्राकडेच राहू दे.

चार महिने झालेत, तेव्हा आधी ट्रेडमिल किंवा टूडी इको झालं का ते विचारा आणि डॉक्टरांकडून ‘हो’ घ्या. मग रोज चालणं आणि त्याला जोडून खुर्चीवर किंवा भिंतीशी उभं राहून हात वर नेणं, खांदे फिरवणं, ताडासन, सावकाश कटिचक्रासन. करताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं तर वेग कमी. श्वास कुठेही रोखायचा नाही, भस्त्रिका-कपालभाती नाही, डोकं खाली नाही. शेवटी दहा मिनिटं शवासन, उच्छ्वास लांब. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती शर्टाच्या खिशात, कपाटात नाही. छातीत दडपण आलं किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ गेली तर ‘गॅस असेल’ म्हणून वज्रासनात बसू नका. १०८ ला फोन करा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत ना? स्टेंटनंतर त्या मनाने थांबवणं फार महागात पडतं. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि सिगारेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारते: सुटली का?

प्रश्न : थायरॉईड कमी आहे. उज्जायी आणि सर्वांगासनाने ग्रंथी जागी होते का? — एक वाचक, अमरावती

होत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. उज्जायी आवडत असेल तर खुशाल करा, थकवा आणि उदासी थोडी हलकी होते. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, मात्र गोळीनेच खाली येईल.

प्रश्न : योगासाठी कोणती मॅट घ्यावी? हजारापासून पाच हजारांपर्यंत आहेत. — एक वाचक, पुणे

घरातली जाड सतरंजी घ्या. फरशी गुळगुळीत असेल तर उभ्या आसनांच्या वेळी ती बाजूला सारा, अनवाणी पाय थेट फरशीवर ठेवा, नाहीतर सतरंजी सरकून पडाल. ज्यांच्या तळपायाला जाणीव कमी आहे त्यांनी मात्र पकड असलेली चप्पल घालूनच उभं राहावं. उरलेल्या पैशांत बीपीचं यंत्र येईल. दंडावर बांधायचं घ्या, मनगटावरचं नको.